रिकामे ठरवलेले सिंहासन : पोर्तुगालमधील 1385 च्या राजनिवडीचे प्रकरण

6 एप्रिल 1385 रोजी पोर्तुगालमधील कोइंब्रा शहरात भरलेल्या कोर्तेसने, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि नगरांचे प्रतिनिधी यांच्या सभेने, आव्हीश नावाच्या लष्करी धर्मसंघाचा प्रमुख जुआंव याला राजा म्हणून निवडले. तो आधीच्या राजाचा सावत्र भाऊ होता खरा, पण अनौरस होता. धर्मसंघाचा प्रमुख या नात्याने ब्रह्मचर्याच्या व्रताने बांधलेला होता. आणि गादीवर त्याच्याहून जवळचा हक्क सांगू शकतील असे तिघे जण त्या दिवशी हयात होते. वारसाहक्काच्या कोणत्याही सरळ हिशोबात त्याचा नंबर लागत नव्हता. तरीही त्याने पुढे 48 वर्षे राज्य केले, त्याच्या वंशाने जवळपास दोन शतके पोर्तुगालची गादी सांभाळली आणि 1510 मध्ये आल्फोन्सु द आल्बुकेर्कने गोवा जिंकला तो याच वंशातील मानुएल राजाच्या नावाने. उत्तर मध्ययुगात राजाला ‘खरा राजा’ कशामुळे मानले जात होते हे पाहायचे असेल, तर इतके उघडे पडलेले प्रकरण क्वचितच सापडते, कारण येथे अधिकृततेचा एकेक थर कधी आणि कोणी चढवला हे जवळजवळ तारखेनिशी दाखवता येते.

वारसाची गोम

या गुंत्याचे मूळ आधीचा राजा फेर्नांदो याच्या लग्नात आहे. 1372 मध्ये त्याने लिओनोर तेलिश या सरदार घराण्यातील स्त्रीशी विवाह केला, तेव्हा तिचा पहिला नवरा जिवंत होता. ते पहिले लग्न निषिद्ध नात्यातले म्हणून रद्दबातल ठरवण्यात आले. पण लोकांच्या मनातून ते पुसले गेले नाही. लिस्बनमध्ये फेर्नांव वाश्किश नावाच्या एका शिंप्याच्या पुढाकाराने जमाव राजाला जाब विचारायला गेला आणि त्याची किंमत त्या शिंप्याने प्राणाने मोजली. राजाचा सावत्र भाऊ दिनीश याने नव्या राणीच्या हाताचे चुंबन घेण्यास नकार दिला आणि अखेर शेजारच्या कॅस्टील राज्याचा रस्ता धरला. या लग्नातून वाचलेले एकच अपत्य म्हणजे 1373 मध्ये जन्मलेली बेअत्रीस. 1376 मध्ये लैरिया येथील कोर्तेसने वारस म्हणून तिच्या नावाने शपथही घेतली होती, ही गोष्ट पुढच्या युक्तिवादाच्या दृष्टीने अत्यंत अडचणीची आहे आणि ती लक्षात ठेवायला हवी.

फेर्नांदोने कॅस्टीलशी तीन युद्धे केली आणि एकाही युद्धातून त्याच्या हाती काही लागले नाही. 1373 मध्ये कॅस्टीलच्या सैन्याने लिस्बनचा तटाबाहेरचा भाग जाळला. त्या धड्यानंतर त्याने शहराभोवती नवी तटबंदी बांधून घेतली, आणि त्याच्या कारकिर्दीतील टिकाऊ काम असे जर काही असेल तर ते हेच. शेवटी 2 एप्रिल 1383 रोजी साल्व्हातेर्रा येथे तह झाला. त्यानुसार दहा वर्षांच्या बेअत्रीसचा विवाह कॅस्टीलचा राजा हुआन पहिला याच्याशी ठरला, दोन्ही राज्ये वेगळीच राहतील असे लिहिले गेले आणि बेअत्रीसचे अपत्य चौदा वर्षांचे होईपर्यंत पोर्तुगालचा कारभार लिओनोरकडे राहील असे ठरले. कागदावर हा तह वाईट नव्हता. परंतु तो पाळला जाण्याची सगळी मदार हुआनच्या संयमावर होती, आणि शेजारचे राज्य बायकोच्या नावाने हाती येत असताना संयम दाखवणारा राजा त्या काळात दुर्मीळच म्हणावा लागेल.

22 ऑक्टोबर 1383 रोजी फेर्नांदो वारला. नियमाप्रमाणे शहरोशहरी बेअत्रीसच्या नावाने द्वाही फिरवली गेली आणि लिस्बन, सांतारें, एल्व्हश अशा ठिकाणी तिला उघड विरोध झाला. दहा वर्षांच्या मुलीबद्दल कोणाचे वैर नव्हते. तिच्या मागे दिसत होता तो कॅस्टीलचा राजा, आणि हुआननेही पोर्तुगालचे राजचिन्ह आपल्या निशाणावर घेऊन लोकांचा संशय खरा करण्यास विलंब लावला नाही.

लिस्बनमधील डिसेंबर

आव्हीशचा जुआंव या क्षणी दावेदार नव्हताच. विरोधकांच्या मनातला राजा दुसराच होता आणि त्याचेही नाव जुआंवच होते: फेर्नांदोचा बाप पेद्रो आणि इनेश द काश्त्रो यांचा मुलगा. इनेशचा 1355 मध्ये पेद्रोच्या बापाच्या हुकमाने खून झाला होता, आणि गादीवर आल्यानंतर 1360 मध्ये पेद्रोने शपथेवर जाहीर केले होते की आपण तिच्याशी गुप्तपणे लग्न केले होते. ते खरे धरले तर इनेशपुत्र जुआंव आणि दिनीश हे दोघे औरस ठरत होते. हा इनेशपुत्र जुआंव स्वतःच्या बायकोचा, म्हणजे लिओनोरच्या सख्ख्या बहिणीचा, खून करून कॅस्टीलला पळालेला होता. फेर्नांदोच्या मृत्यूची वार्ता पोहोचताच हुआनने त्याला तुरुंगात टाकले. ही खेळी वरकरणी शहाणपणाची असली तरी तिने बंदिवान राजपुत्राला पोर्तुगालमध्ये हुतात्म्याचे वलय दिले. इतिवृत्तकार फेर्नांव लोपिश सांगतो की, आव्हीशच्या जुआंवने सुरुवातीला आपल्या निशाणांवर या भावाचे बेड्या घातलेले चित्रच काढवून घेतले होते. म्हणजे जो पुढे राजा झाला, त्याने पहिले हत्यार उचलले ते दुसऱ्याच्या हक्कासाठी, निदान जाहीरपणे तरी.

6 डिसेंबर 1383 रोजी तो लिस्बनच्या राजवाड्यात शिरला, लिओनोरचा मर्जीतला सरदार आंदैरु याला बोलत बोलत खिडकीपाशी नेले आणि सुरीचा वार केला. उरलेले काम सोबतच्या रुई पेरेराने केले. त्याच वेळी ठरल्याप्रमाणे त्याचा हुजऱ्या घोड्यावरून रस्त्यारस्त्याने ओरडत सुटला की राजवाड्यात आमच्या धन्याला मारताहेत. माजी चॅन्सेलर आल्व्हारु पाइश हा म्हातारा, दुखणाईत मनुष्य वाटच पाहत होता. तो घोड्यावर बसला आणि लोकांना हाका मारीत निघाला. जमाव वाड्यापाशी शिड्या आणि जळण घेऊन जमला, आणि आपला माणूस जिवंत आहे हे पटवण्यासाठी जुआंवला खिडकीत उभे राहावे लागले. त्याच दिवशी शहराच्या कॅस्टिलियन बिशपला लोकांनी कॅथीड्रलच्या मनोऱ्यावरून खाली फेकले.

हे सगळे उत्स्फूर्त नव्हते, हे लोपिश लपवत नाही. पाइशने कट रचला आणि शहराला आपणच पुढाकार घेतला असे वाटू दिले, हे त्याच्या वर्णनातूनच कळते. परंतु कट रचणाऱ्यांच्या हाताबाहेर जाईल इतका जमाव त्या दिवशी जमला, हेही तितकेच खरे. काही दिवसांतच शहराने जुआंवला ‘राज्याचा कारभारी आणि रक्षणकर्ता’ ही पदवी दिली. ही पदवी विचारपूर्वक निवडलेली होती. तिच्यात राजेपणाचा शब्दही नव्हता, पण सैन्य उभे करणे, कर बसवणे, नाणी पाडणे आणि जप्त जमिनी वाटणे ही राजाची सारी कामे तिच्या आडून करता येत होती, आणि ती त्याने लगेच सुरू केली. बदल्यात लिस्बनच्या कारागिरांना ‘चोवीसांचे घर’ या नावाने शहराच्या कारभारात कायमचे स्थान मिळाले.

जानेवारी 1384 मध्ये लिओनोरने सांतारें येथे आपली मुखत्यारी जावयाच्या हवाली केली. तहानुसार जी व्यक्ती पोर्तुगालच्या स्वतंत्र कारभाराची राखणदार होती तिनेच तो कारभार कॅस्टीलच्या राजाला दिला, आणि लवकरच त्या राजाने तिला तोर्देसिल्यासच्या मठात पाठवून दिले. माझ्या मते कायद्याच्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातील निर्णायक चूक ही आहे. हुआन सीमेवर थांबून बेअत्रीसच्या पुत्रजन्माची वाट पाहता, तर त्याच्या विरोधकांकडे ‘तह मोडला’ हे वाक्य उरले नसते.

मे ते सप्टेंबर 1384 या काळात त्याने लिस्बनला जमिनीवरून आणि समुद्रावरून वेढा दिला. आत उपासमार इतकी झाली की जिथे पूर्वी गहू विकला जाई तिथली माती उकरून माणसे आणि पोरे दाणे शोधीत व मिळेल तो दाणा तोंडात टाकीत, असे लोपिश लिहितो. शहर वाचले ते फेर्नांदोच्या तटबंदीमुळे आणि वेढा घालणाऱ्या छावणीत शिरलेल्या प्लेगामुळे. लढाईने नव्हे, रोगराईने वेढा उठला. पण लोकांनी त्यातून देवाचा कौल वाचला, आणि त्या शतकात असा कौल हा पुराव्याचाच एक प्रकार होता.

कोइंब्रातील युक्तिवाद

मार्च 1385 मध्ये कोर्तेस भरली तेव्हा जुआंवकडे शहर होते, सैन्य होते, नुनु आल्वारिश पेरेरासारखा पंचविशीचाही न झालेला पण अजिंक्य ठरत चाललेला सेनापती होता. राजा होण्याचा हक्क मात्र नव्हता. सभेतही एकमत नव्हते. मार्तीं वाश्किश द कुन्या आणि त्याचे भाऊ यांच्या गटाचे म्हणणे होते की हक्काचा राजा इनेशपुत्र जुआंव आहे. तो कैदेत आहे तोवर आव्हीशच्या जुआंवने त्याच्या नावाने लढावे. ही भूमिका अप्रामाणिक म्हणता येत नाही, कारण पंधरा महिन्यांपूर्वी निशाणांवर चित्र त्याचेच होते.

या गटाला उत्तर देण्याचे काम जुआंव दास रेग्रास या बोलोन्यात शिकलेल्या कायदेपंडिताकडे होते. तो आल्व्हारु पाइशचा सावत्र मुलगा. म्हणजे रस्त्यावरची बाजू बापाने लढवली आणि सभेतली मुलाने. त्याच्या मांडणीची हुशारी तिच्या क्रमात आहे. आपल्या अशिलाचा हक्क सिद्ध करण्याच्या फंदात तो पडलाच नाही. त्याने एकेका दावेदाराला बाद करत नेले आणि सिंहासन रिकामे असल्याचे सिद्ध करण्यावर सारा जोर दिला; कारण एकदा गादी रिकामी ठरली की वारसाहक्काचा प्रश्नच मिटतो आणि राजा निवडण्याचा अधिकार राज्याकडे, म्हणजे समोर बसलेल्या सभेकडे येतो.

बेअत्रीस बाद झाली ती आईच्या लग्नामुळे. लिओनोरचा पहिला नवरा जिवंत असताना झालेले लग्न ग्राह्य नाही, म्हणून मुलगी औरस नाही. तिचा नवरा हुआन बाद झाला कारण त्याने शस्त्र घेऊन राज्यात शिरून तह मोडला, आणि शिवाय तो पाखंडी होता: 1378 पासून पोपच्या गादीचेच दोन दावेदार होते, कॅस्टील आव्हिन्यो येथील क्लेमेंट सातव्याच्या बाजूने होते आणि पोर्तुगालमध्ये जुआंवचा पक्ष रोमच्या अर्बन सहाव्याला मानत होता. राजाच्या हक्काचा निवाडा ज्याने करायचा त्या पोपचाच हक्क वादात असल्यामुळे प्रत्येक बाजूला आपल्या सोयीचा पोप मिळत होता, ही परिस्थिती जुआंवच्या फार पथ्यावर पडली. राहता राहिले इनेशचे मुलगे. त्यांच्याबाबत रेग्रासने आधी सांगितले की त्या गुप्त लग्नाला विश्वासार्ह पुरावा नाही आणि शिवाय दोघेही शत्रूच्या बाजूने मायभूमीवर चालून आले होते. त्याने समोरच्या गटाचे समाधान होईना, तेव्हा लोपिशच्या सांगण्यानुसार त्याने हातचा राखलेला कागद बाहेर काढला: पेद्रोने हे लग्न आणि ही मुले मान्य व्हावीत म्हणून पोप इनोसंट सहाव्याकडे केलेली विनंती पोपने नाकारल्याचा कागद.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लोपिशने हे इतिवृत्त घटनेनंतर अर्ध्या शतकाने, जुआंवचा मुलगा दुआर्त याच्या आज्ञेने आणि राजघराण्याच्या पगारावर लिहिले. त्यामुळे त्याने दिलेले भाषण शब्दशः घेण्यात अर्थ नाही. परंतु निवडीचा मूळ दस्तऐवज उपलब्ध आहे आणि त्यातही युक्तिवादाचा गाभा हाच आहे की राज्याला वैध वारस उरलेला नाही आणि म्हणून राजा नेमणे हे सभेचे काम आहे.

हा युक्तिवाद कितपत टिकतो? बेअत्रीसविषयीचा भाग, स्पष्टच सांगायचे तर, लंगडा आहे. तिच्या आईबापांचे लग्न अकरा वर्षे राज्याने मानले होते, आणि वारस म्हणून तिच्या नावाने घेतलेली शपथ याच कोर्तेस नावाच्या संस्थेने घेतली होती. औरस-अनौरस हा निकष लावायचाच तर तो सगळ्यांना लावायला हवा होता, आणि त्या निकषावर खुद्द निवडलेला राजा पहिल्याच फेरीत बाद होता. गंमत अशी की समोरची बाजूही या बाबतीत काचेच्याच घरात होती. हुआनचा बाप एन्रिके हा स्वतः कॅस्टीलच्या राजाचा अनौरस मुलगा. 1369 मध्ये मोंतिएल येथे औरस सावत्र भावाला ठार करून तो गादीवर बसला होता. सोळा वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यात जे रक्ताने घडले ते कोइंब्रात वकिलाच्या तोंडून घडवले गेले, आणि दोन्हींतला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. बळी तो कान पिळी हे दोन्हीकडे खरे होते. पण कोइंब्रात बळीला आपली कारणे सभेपुढे मांडून संमती घ्यावी लागली, आणि मागितलेल्या संमतीबरोबर अटीही येतात.

त्या आल्याच. नगरांच्या प्रतिनिधींनी राजाच्या सल्लागार मंडळात आपली माणसे मागितली, युद्ध आणि तह आपल्या संमतीशिवाय होऊ नयेत असे सांगितले, आणि फेर्नांदोच्या लग्नाने पोळलेले असल्यामुळे राजाने लग्नही विचारून करावे अशी मागणी केली. जुआंवने पहिल्या मागण्या बऱ्याच अंशी मान्य केल्या. लग्नाच्या बाबतीत मात्र आपण बांधून घेणार नाही, विवाह हा स्वेच्छेचाच हवा, असे उत्तर दिले. सभेत देशातील सगळी नगरे आणि सगळे सरदार नव्हते हेही नोंदवायला हवे. अनेक किल्ले व मोठी घराणी तेव्हा कॅस्टीलच्याच बाजूला होती. खुद्द नुनु आल्वारिशचे भाऊ शत्रूच्या सैन्यात होते.

उरलेले थर

निवड झाली तरी प्रश्न सुटलेला नव्हता. 14 ऑगस्ट 1385 रोजी आल्जुबारोटाजवळ पोर्तुगीज सैन्याने, काही इंग्रज तिरंदाजांच्या साथीने, आपल्याहून कितीतरी मोठ्या कॅस्टिलियन सैन्याचा संध्याकाळच्या थोड्याच वेळात धुव्वा उडवला आणि हुआन सांतारेंमार्गे जहाजाने पळाला. युक्तिवादाने जे पटले नव्हते ते या निकालाने पटले. कुंपणावरचे अनेक किल्लेदार यानंतर वळले. रणांगण हे देवाचे न्यायालय आहे ही कल्पना सरदारांनी मनापासून मानलेली होती, आणि जुआंवने तिथे बाताल्याचा भव्य मठ बांधायला घेऊन तो निकाल दगडात नोंदवून ठेवला.

9 मे 1386 रोजी इंग्लंडशी विंडसरचा तह झाला आणि फेब्रुवारी 1387 मध्ये लँकेस्टरच्या ड्यूकची मुलगी फिलिपा हिच्याशी त्याचा विवाह झाला. जुन्या राजघराण्यातील मुलगी सून म्हणून येणे ही मान्यतेची मोहोरच होती. पण ब्रह्मचर्यव्रतातून सुटका आणि अनौरसपणाच्या दोषाचे निवारण यासाठी लागणारी पोपची परवानगी बोनिफेस नववा याच्याकडून 1391 मध्ये मिळाली. दुसऱ्याचे लग्न कायद्यात बसत नाही म्हणून जो राजा झाला, त्याचे स्वतःचे लग्न चार वर्षे अशा अधांतरी अवस्थेत होते आणि याबद्दल कोणी सभा भरवली नाही. याच फिलिपाचा भाऊ हेन्री 1399 मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला, तेव्हा त्यालाही आधी गादी रिकामी झाल्याचे पार्लमेंटच्या प्रतिनिधींकडून वदवून घ्यावे लागले. परंतु त्याने लगेच स्वतःच्या वंशाचा आणि देवकृपेचाही दावा जोडला आणि निवडीचा मुद्दा मागे ठेवला. जुआंवकडे निवडीऐवजी पुढे करण्यासारखे दुसरे काही नव्हते.

याचा परिणाम त्याच्या कारभारात दिसतो. पोर्तुगालच्या राजांना फ्रान्स-इंग्लंडप्रमाणे अभिषेक होण्याची रीत नव्हती, त्यामुळे पवित्र तेलाचा आधारही त्याला नव्हता. त्याने आपल्या कारकिर्दीत वीसहून अधिक वेळा कोर्तेस बोलावली. त्या सभा प्रेमापोटी भरत होत्या असे समजू नये. त्याला पैसे हवे होते, आणि युद्धापुरती म्हणून मान्य झालेली ‘सिझा’ ही विक्रीवरील पट्टी हळूहळू राजाचे कायमचे उत्पन्न बनली. नाण्यातील चांदीही त्याने निर्दयपणे कमी केली. कॅस्टीलने त्याच्याशी कायदेशीर तह केला तो 1411 मध्ये, आणि बेअत्रीसला मूल न राहिल्यामुळे तिचा हक्क तिच्याबरोबरच संपला.

कोइंब्राचा निर्णय पुढे दोनदा बाहेर काढला गेला. 1580 मध्ये आव्हीश वंश खुंटला तेव्हा मानुएलचा अनौरस नातू आंतोनियु, जो स्वतःही एका लष्करी धर्मसंघाच्या क्रातु येथील शाखेचा प्रमुख होता, लोकांनी निवडलेला राजा म्हणून पुढे आला. सगळे साम्य होते, फक्त 25 ऑगस्ट 1580 ची आल्कांतराची लढाई तो हरला. स्पेनचा फिलिप दुसरा 1581 मध्ये तोमारच्या कोर्तेसने राजा म्हणून मान्य केला आणि त्याच वर्षी गोव्यातही त्याच्या नावाने द्वाही फिरली. 1640 मध्ये स्पेनची सत्ता झुगारल्यावर भरलेल्या 1641 च्या कोर्तेसने पुन्हा तेच तत्त्व मांडले की, राजा कोण हे ठरवण्याचा अधिकार अडचणीच्या वेळी राज्याकडे येतो. त्या वेळी ज्याला राजा ठरवले तो ब्रागान्साचा ड्यूक जुआंव चौथा, ज्याच्या मुलीच्या हुंड्यात 1661 मध्ये मुंबई इंग्रजांना देण्याचे ठरले, तो 1385 च्या राजाचाच वंशज होता. आणि तोही त्या राजाच्या आफोंसु नावाच्या अनौरस मुलाच्या शाखेतून.